मनाली–लेह सायकलवारी : विश्रांतीचा दिवस केलाँगला

मनाली–लेह मार्गावर सायकलस्वारांनी विश्रांतीचा दिवस घ्यावा तो लाहौलमधल्या केलाँगला किंवा थोडं पुढे जिस्पाला. मनाली सुमारे २,०५० मीटरवर, केलाँग सुमारे ३,१०० मीटरवर. पुढचा सरचूचा मुक्काम थेट ४,३०० मीटरच्या आसपास, आणि त्याआधी बारालाचा ला ही खिंड ओलांडायची.

३,००० मीटरच्या वर मुक्कामाची उंची रोज ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबावं, असा वैद्यकीय सल्ला आहे. विरळ हवेत श्वास वाढतो, रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो आणि रक्ताची आम्लता बदलते. तो तोल मूत्रपिंडं सावरतात, पण त्यांना काही दिवस लागतात. पायांत कितीही जोर असो, हे काम घाईने होत नाही.

दिवसभर लोळण्यापेक्षा केलाँगच्या वरच्या शाशुर गोम्पापर्यंत (बौद्ध मठापर्यंत) सावकाश चालून यावं आणि झोपायला खालीच यावं. भरपूर पाणी, पोटभर डाळ-भात, मद्य वर्ज्य. ब्रेक आणि चेन याच दिवशी तपासावी.

डोकेदुखी, मळमळ असेल तर पुढे चढू नये. तोल जाऊ लागला, बसल्या जागी धाप लागली, तर ताबडतोब खाली उतरावं.