सिंक झालं, पण नोट रिकामी: झोटेरो आणि ऑब्सिडियनची गाठ कुठे अडकते?

मागच्या आठवड्यात एका ज्युनिअरचा फोन आला. "ताई, झोटेरो म्हणते सिंक झालं, अन् ऑब्सिडियनमध्ये नोट रिकामीच येऊन रायली! दोन दिवसांपासून याच्यातच बसली आहो."

मला हसू आलं नाही, कारण मी स्वतः यातून गेले आहे. माझं फील्डवर्क मेळघाटात, सेमाडोहच्या आसपास. अमरावतीला डेस्कटॉप आणि फील्डवर लॅपटॉप, म्हणजे एकच लायब्ररी दोन ठिकाणी. परतवाडा सोडून घटांगच्या पुढे घाट लागला की नेटवर्क भरवशाचं राहत नाही. अशा ठिकाणी 'सिंक' या एका शब्दात किती गोष्टी लपल्या आहेत ते नीट कळतं. तुम्ही आत्ता पेटची तयारी करत असाल किंवा सिनॉप्सिस लिहीत असाल, तर ही भानगड आजच समजून घ्या. तिसऱ्या वर्षी समजली तर महाग पडते.

सिंक एक नाही, तीन आहेत

घरात नळाला पाणी आलं नाही तर आपण काय करतो? आधी टाकी बघतो, मग पाईप, मग तोटी. इथेही तसंच आहे.

पहिला टप्पा म्हणजे झोटेरो ते झोटेरोचा सर्व्हर. यातही दोन वेगळे प्रवाह आहेत. लेखकाचं नाव, शीर्षक, टॅग, झोटेरोतल्या नोट्स आणि हायलाइट हा डेटा एका वाटेने जातो, पीडीएफ फाईल दुसऱ्या वाटेने. डेटाला जागेची मर्यादा नाही. फाईलींसाठी मात्र फुकटात ३०० एमबीच मिळते, आणि स्कॅन केलेली दोन-चार जुनी गॅझेटिअर टाकली की ती संपते. मग दुसऱ्या मशीनवर नोंद दिसते, पण पीडीएफ उघडत नाही. उपाय तीन: जागा विकत घ्या, वेबडॅव वापरा, किंवा फाईली वेगळ्या फोल्डरात ठेवून झोटेरोत फक्त जोडा. तिसऱ्या उपायात त्या फाईली दुसऱ्या मशीनवर नेण्याची जबाबदारी तुमची. वेबडॅव फक्त स्वतःच्या लायब्ररीसाठी चालतं, ग्रुप लायब्ररीसाठी नाही.

दुसरा टप्पा झोटेरो ते ऑब्सिडियन. हा प्रवास एकाच मशीनवर होतो आणि त्याला इंटरनेट लागत नाही. झोटेरो इंटिग्रेशन हा प्लगइन, बेटर बिबटेक्स या दुसऱ्या प्लगइनच्या मदतीने, चालू असलेल्या झोटेरोकडून माहिती मागतो. म्हणून झोटेरो उघडं असलंच पाहिजे. फोनवरच्या अर्ध्या तक्रारी इथेच मिटतात.

तिसरा टप्पा ऑब्सिडियन ते तुमचं दुसरं मशीन किंवा मोबाईल. ऑब्सिडियनच्या नोट्स म्हणजे फोल्डरमधल्या साध्या मार्कडाउन फाईली. त्या न्यायला ड्राइव्ह, सिंकथिंग, गिट, ऑब्सिडियनची स्वतःची पेड सेवा, काहीही चालेल. पण एकच निवडा. दोन सेवा एकाच फोल्डरवर लावल्या की एका नोटच्या तीन प्रती तयार होतात आणि खरी कोणती ते कळत नाही.

इथेच एक इशारा. झोटेरोचं मूळ डेटा फोल्डर, ज्यात झोटेरो डॉट एसक्यूलाइट ही फाईल असते, ते ड्राइव्ह किंवा ड्रॉपबॉक्समध्ये ठेवू नका. तो चालता डेटाबेस आहे. अर्धवट कॉपी झाला की सगळी लायब्ररी बिघडू शकते.

नोट रिकामी येते तेव्हा

टाकीपासून सुरुवात करा.

एक. झोटेरोच्या वेबसाईटवर लॉगिन करून ती नोंद तिथे दिसते का बघा. दिसली तर पहिल्या मशीनवरून डेटा नीट गेलाय. नाही दिसली तर ऑब्सिडियनला हात लावू नका, अडचण अलीकडेच आहे. दोन्ही मशीनवर एकच अकाउंट आहे ना, तेही बघा.

दोन. हायलाइट झोटेरोच्या रीडरमध्ये केले होते का? २०२२ मध्ये आलेल्या झोटेरो ६ पासून रीडरमधले हायलाइट डेटाबेसमध्ये साठतात, पीडीएफच्या आत नाही. ती फाईल मित्राला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली तर त्याला ती कोरी दिसेल. पाठवायची तर हायलाइटसकट एक्स्पोर्ट करून पाठवा. उलट, मोबाईलच्या भलत्याच अ‍ॅपमध्ये रेघा मारल्या असतील तर त्या पीडीएफच्या आत जातात आणि झोटेरो त्यांना स्वतःच्या हायलाइटसारखं वागवत नाही. वाचायला एकच जागा ठरवा.

तीन. नुकतंच झोटेरो अपडेट केलंय का? ऑगस्ट २०२४ मध्ये झोटेरो ७ आलं तेव्हा जुन्या आवृत्तीचे प्लगइन चालेनासे झाले. प्लगइनच्या यादीत बेटर बिबटेक्स सुरू आहे का ते बघा. फील्डवर निघायच्या आदल्या दिवशी कुठलंच मोठं अपडेट करू नका.

चार. नोटमधली सायटेशन की आणि झोटेरोतली सायटेशन की जुळते का? हे जरा सविस्तर सांगते, कारण खरा धागा हाच आहे.

धागा तुटतो कुठे

सायटेशन की साधारणपणे लेखकाचं आडनाव, साल आणि शीर्षकातला शब्द यांपासून बनते, आणि तुमच्या नोटचं नावही बहुधा त्यावरूनच पडतं. समजा तुम्ही प्रीप्रिंट वाचलात, पुढच्या वर्षी तो जर्नलमध्ये छापून आला आणि तुम्ही साल दुरुस्त केलं. की स्थिर केलेली नसेल तर ती बदलते. पुढच्या इम्पोर्टला नव्या नावाची कोरी नोट तयार होते आणि तुमची जुनी नोट पोरकी होऊन कोपऱ्यात पडते. ती हरवलेली नसते, फक्त तिचा धागा तुटलेला असतो. म्हणून की पिन करा. देवनागरीतल्या नोंदींची की कशी बनली आहे ते एकदा डोळ्यांनी बघून घ्या.

दुसरा धागा म्हणजे झोटेरोने प्रत्येक नोंदीला दिलेला आठ अक्षरी क्रमांक. नोंदीची माहिती बदलली तरी तो बदलत नाही. पण नोंद पुसून परत टाकली, किंवा ती आपल्या लायब्ररीतून ग्रुपमध्ये नेली, की नव्या नोंदीला नवा क्रमांक मिळतो. प्रत्येक नोटच्या डोक्यावर सायटेशन की आणि झोटेरोची लिंक, दोन्ही ठेवा. एक धागा तुटला तरी दुसऱ्याने परत जाता येतं.

माझे तीन आठवडे

आता माझी चूक. सेमाडोहला असताना मी तीन आठवडे रोज रात्री लेखांच्या नोट्समध्ये माझी निरीक्षणं लिहीत होते: कोणता मुद्दा इथे जुळतो, कोणता जुळत नाही, कोणत्या पानावर काय. अमरावतीला परतल्यावर नवे हायलाइट यावेत म्हणून सगळ्या नोट्स परत इम्पोर्ट केल्या. माझ्या टेम्प्लेटमध्ये स्वतःचं लिखाण राखून ठेवणारा 'पर्सिस्ट' ब्लॉक नव्हता. हायलाइट आले आणि माझं लिखाण गेलं. बॅकअपही नव्हता. प्रकरणाच्या मसुद्यात एक मुद्दा आठवणीतून लिहिला. गाईडनी शेजारी पेन्सिलीने एवढंच लिहिलं: "हे कुठून?" मला सांगता आलं नाही. परिच्छेद काढावा लागला.

तेव्हापासून माझ्या नोटचे दोन भाग असतात. वरचा मशीनचा, त्यात मी लिहीत नाही. खालचा 'पर्सिस्ट' ब्लॉकमधला माझा, त्याला मशीन हात लावत नाही.

"हे कुठून?" का महत्त्वाचं आहे

मेळघाटात रानपिंगळा नावाचं छोटं घुबड आहे. ह्यूमने १८७३ मध्ये त्याचं वर्णन केलं. १८८४ नंतर त्याचा खात्रीचा एकही नमुना मिळाला नाही. फक्त एक नोंद होती: मेनर्ट्झहागेनच्या संग्रहातला १९१४ चा नमुना, गुजरातमधला. पुढे पामेला रासमुसेन आणि नायजेल कॉलर यांनी १९९९ मध्ये दाखवून दिलं की ते लेबलच बनावट होतं. १८८० च्या दशकात जेम्स डेव्हिडसनने खानदेशात गोळा केलेला नमुना संग्रहालयातून उचलून त्यावर नवं ठिकाण आणि नवी तारीख चिकटवली होती. त्या खोट्या लेबलामुळे पक्षी भलत्या जागी शोधला गेला. ती नोंद बाजूला सारून, खऱ्या लेबलांच्या मागावर गेल्यावर नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ तो परत सापडला. मेळघाटातली त्याची वस्ती पुढे नोंदली गेली.

तिथे लबाडी होती, आपल्याकडे नुसता निष्काळजीपणा असतो. पण मूळ स्रोतापासून सुटलेल्या नोटची किंमत दोन्हीकडे सारखीच. वाचणाऱ्याला ती खरी की खोटी हे ठरवता येत नाही.

फील्डवर निघण्याआधी

झोटेरोच्या सिंक सेटिंगमध्ये फाईली 'गरजेनुसार' उतरवायच्या असं असेल तर ते बदलून 'सिंकच्या वेळी' करा. नाहीतर सेमाडोहला पोचल्यावर नुसती शीर्षकं वाचत बसाल. निघताना डेस्कटॉप पूर्ण सिंक करून झोटेरो बंद करा. परतल्यावर आधी लॅपटॉप सिंक करा, मगच डेस्कटॉपवर काही बदला. एकाच नोंदीत दोन्हीकडे परस्परविरोधी बदल झाले असतील तर झोटेरो कोणता ठेवायचा ते विचारतं. तिथे घाईने क्लिक करू नका.

आणि काहीही बिघडलं तरी दुरुस्तीआधी झोटेरो बंद करून त्याचं डेटा फोल्डर आणि ऑब्सिडियनचं फोल्डर पेनड्राइव्हवर कॉपी करा. सिंकच्या रीसेटमध्ये दोन पर्याय आहेत: एक तुमची लायब्ररी सर्व्हरवर लादतो, दुसरा सर्व्हरची तुमच्यावर. कोणती बाजू भरलेली आणि कोणती रिकामी हे पक्कं माहीत नसेल तर दोन्हींना हात लावू नका.

त्या ज्युनिअरचं काय झालं? तिच्या मशीनवर झोटेरो बंद होतं, एवढंच. पण फोन ठेवण्याआधी तिला एक काम सांगितलं, तेच तुम्हालाही सांगते. आज कोणतीही एक जुनी नोट उघडा आणि तिच्यातल्या एका वाक्यावरून मूळ पीडीएफच्या नेमक्या पानापर्यंत जाऊन बघा. एका मिनिटात पोचलात तर तुमचं सिंक ठीक आहे. नाही पोचलात, तर दुरुस्ती तिथून सुरू करा.