परदेशातली शाळा आणि घरातली मराठी

गुहागर तालुक्यातल्या वेळणेश्वरचा शंकर हा अनेक कोकणस्थ घराण्यांचा कुलस्वामी. नाताळच्या सुट्टीत अमेरिका, इंग्लंड, ऑस्ट्रेलियाहून आलेली कुटुंबे इथे दर्शनाला येतात, तेव्हा देवळाच्या आवारात एक गोष्ट हमखास ऐकू येते. आजी मराठीत विचारते, नातवाला प्रश्न नीट कळतो आणि उत्तर इंग्रजीत येते. याच किनारपट्टीवरून आखातात नोकरीला गेलेल्यांच्या घरांतही हा अनुभव नवा नाही.

अशा पालकांना दोन काळज्या असतात. मूल मराठी विसरेल का? आणि घरात मराठीच बोलत राहिलो तर ते तिथल्या शाळेत मागे पडेल का? गेल्या चार दशकांत भाषाशास्त्रज्ञांनी आणि मेंदूच्या अभ्यासकांनी या दोन्ही प्रश्नांवर भरपूर काम केले आहे.

पहिल्या वर्षातला कान

मराठी माणसाला ‘त’ आणि ‘ट’ यांतला फरक सांगावा लागत नाही. इंग्रजीत वाढलेल्या प्रौढाला मात्र तो सहसा ऐकूच येत नाही. कॅनडातल्या जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी हिंदीतले हेच दोन वर्ण घेऊन इंग्रजी घरांतल्या तान्ह्या मुलांची परीक्षा घेतली. १९८४ साली प्रसिद्ध झालेला त्यांचा निष्कर्ष असा : सहा ते आठ महिन्यांच्या बहुतेक बाळांना हा फरक कळतो, पण दहा ते बारा महिन्यांच्या बाळांत ती क्षमता जवळजवळ मावळलेली असते. भोवती जे ध्वनी ऐकू येतात त्यांच्यासाठी कान तयार होतो आणि बाकीच्यांकडे दुर्लक्ष करायला शिकतो.

हा कान घडतो तो माणसांच्या सहवासात. सिएटलमध्ये पॅट्रिशिया कुल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नऊ महिन्यांच्या अमेरिकी बाळांना बारा बैठकांमध्ये चिनी भाषा ऐकवली. समोर बसून खेळत, गोष्ट वाचत बोलणाऱ्या माणसांकडून बाळे चिनी वर्ण ओळखायला शिकली. तेच बोलणे पडद्यावर दाखवलेली किंवा नुसते ऐकवलेली बाळे काहीच शिकली नाहीत. हा प्रयोग २००३ सालचा. बाळापुढे मराठी बडबडगीतांचा व्हिडिओ लावून ठेवला की भाषेचे काम झाले, असे मानणाऱ्यांनी तो जरूर लक्षात ठेवावा.

शाळेत दोन भाषा शिकाव्या लागतात

सात-आठ वर्षांचे मूल नव्या देशातल्या शाळेत गेले की पहिले काही आठवडे, कधी काही महिने, गप्प बसते. ते त्या काळात ऐकत असते, जुळवाजुळव करत असते. त्या गप्प बसण्याला लगेच दोष समजू नये. मग एक दिवस बोलणे सुटते आणि साधारण दोन वर्षांत ते मैदानावरची, मित्रांमधली भाषा सफाईने बोलू लागते. इथेच पालकांची आणि शिक्षकांचीही फसगत होते.

टोरांटोचे जिम कमिन्स यांनी दाखवून दिले, की गप्पांची भाषा वेगळी आणि अभ्यासाची भाषा वेगळी. विज्ञानातले स्पष्टीकरण, गणितातले शाब्दिक उदाहरण, इतिहासातला कार्यकारणभाव मांडायला लागणाऱ्या भाषेत समवयस्कांची बरोबरी करायला पाच ते सात वर्षे लागतात. त्याआधी परीक्षेत गुण कमी पडले, तर ‘घरी मराठी बोलता म्हणून असे होते’ असा सल्ला अनेकांना मिळतो. हा सल्ला चुकीचा आहे. अपूर्णांक म्हणजे काय, झाड अन्न कसे तयार करते, हे मराठीत पक्के समजलेल्या मुलाला इंग्रजीत फक्त नवे शब्द शिकायचे असतात. संकल्पना पुन्हा शिकावी लागत नाही.

उशीर झाला म्हणूनही घाबरण्याचे कारण नाही. हार्टशोर्न, टेनेनबाउम आणि पिंकर यांनी २०१८ साली सुमारे पावणेसात लाख लोकांच्या चाचण्यांवरून मांडले, की व्याकरण आत्मसात करण्याची क्षमता सतरा-अठरा वर्षांपर्यंत चांगली टिकते. मात्र त्या भाषेत वाढलेल्या माणसासारखे प्रभुत्व हवे असेल, तर दहा-बारा वर्षांच्या आत सुरुवात व्हायला हवी.

विसरलेले किती उरते?

मॉन्ट्रियलमध्ये चीनमधून बाळपणीच दत्तक आलेल्या, पुढे फक्त फ्रेंच बोलणाऱ्या मुलींची मेंदूचित्रे घेण्यात आली. त्यांना चिनीचा एक शब्दही आठवत नव्हता. तरीही चिनी भाषेतले सूर (टोन) ऐकताना त्यांच्या मेंदूत चिनी बोलणाऱ्यांसारखाच प्रतिसाद दिसला. २०१४ साली हे संशोधन प्रसिद्ध झाले. त्याआधी, २०११ मध्ये, भारतातून अमेरिकेत दत्तक गेलेल्या मुलांवरचा अभ्यास आला होता. सुरुवातीला त्यांना ‘त’-‘ट’ वेगळे ऐकू येईनात. पण थोड्या सरावानंतर ते ओळखू लागली. ज्यांच्या कानावर बाळपणी भारतीय भाषा पडलीच नव्हती, त्या मुलांना तेवढ्याच सरावाने ते जमले नाही. बाळपणी ऐकलेली भाषा पूर्ण पुसली जात नाही. पण उरलेल्या खुणांची बोलती भाषा आपोआप होत नाही. त्यासाठी पुन्हा बोलावेच लागते.

शाळा पुरत नाही

बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या मराठी शाळा उत्तर अमेरिकेत सुट्टीच्या दिवशी भरतात. हे काम मोलाचे आहे. पण केवळ शाळेवर भाषा तगत नाही, हे मॉरिशसकडे पाहिले की कळते. एकोणिसाव्या शतकात ऊसमळ्यांत राबायला रत्नागिरी आणि आसपासच्या कोकणातून माणसे तिथे गेली. त्यांच्या वंशजांनी सण, भजने, मंडळे नेटाने जपली. तिथल्या शाळांत मराठी शिकवलीही जाते. तरी बहुतेक घरांतली रोजची भाषा आता क्रेओल आहे.

बेल्जियममधल्या अॅनिक द हाऊवर यांनी १,८९९ कुटुंबांची पाहणी केली. प्रत्येक घरात निदान एक पालक डचशिवाय दुसरी भाषा बोलत होता. तरी सुमारे चौथ्या हिश्श्याच्या घरांत मुले ती बोलत नव्हती. जिथे दोन्ही पालक आपसात आणि मुलांशी घरची भाषाच बोलत, तिथे जवळजवळ सगळ्या मुलांनी ती उचलली होती.

आता आजी-आजोबांसाठी. दोन-अडीच वर्षांची मुले व्हिडिओ कॉलवर बोलणाऱ्या माणसाकडून नवी क्रियापदे शिकतात, आधी चित्रित केलेल्या फितीतून शिकत नाहीत, असे २०१४ सालच्या एका अमेरिकी प्रयोगात दिसले. समोरचा माणूस आपल्याला प्रतिसाद देतो आहे, हे मुलाला कळावे लागते. वेळणेश्वरात बसून बोस्टनमधल्या नातीशी रोज दहा मिनिटे बोलणारी आजी म्हणूनच तिची खरी शिक्षिका आहे. नातीने उत्तर इंग्रजीत दिले, तर रागावू नका, हसू नका आणि तिच्यासाठी स्वतः इंग्रजीवरही येऊ नका. पुढचा प्रश्न पुन्हा मराठीतच विचारा.