आधीं आपला हिशेब
शाळेंत तीस वर्षें आम्ही चक्रवाढ व्याज शिकविलें. पण थोरले बंधू निवर्तले तेव्हां ठेवी कोठें आहेत, हें ना वहिनींना ठाऊक, ना आम्हांला! त्या दिवशीं आपल्या मास्तरकीची आम्हांस लाज वाटली.

प्रथम आम्हीच विद्यार्थी झालों. रोजचा जमाखर्च लिहूं लागलों, ठेवींवर नॉमिनीचें नांव नोंदविलें. बँक बुडाल्यास २०२० पासून एका बँकेंत एका ठेवीदारास व्याजासह ५ लाख रुपयांपर्यंतच विम्याचें संरक्षण आहे, हें समजून घेतलें. मगच वहिनींना व सुनांना शिकवूं लागलों. ७२ ला व्याजदरानें भागावें. ६ टक्के चक्रवाढीनें रक्कम सुमारें १२ वर्षांत दुप्पट होते.

वहिनी आतां आपलें पासबुक आपणच वाचतात. वाचकहो, स्वतःच्या वहीचा मेळ बसल्यावांचून दुसऱ्यास अर्थविद्या शिकवूं नये.