पक्षी नंतर, आधी झाड शोधा

मागच्या भागात दुर्बीण कशी निवडायची ते पाहिलं. आता ती घेऊन उभं कुठे राहायचं? निगडीची दुर्गा टेकडी असो, देहूजवळचा भंडारा डोंगर असो की चाकणच्या कारखान्यांलगतचा भामचंद्र, पक्ष्यांच्या मागे धावू नका. एखादं देशी झाड गाठा आणि अर्धा तास तिथेच थांबा.

माघ-फाल्गुनात माझी पहिली पसंती काटेसावरीला. पानं गळालेली, त्यामुळे पक्ष्याला आडोसा नाही आणि लाल, मांसल फुलांत पातळ रस मुबलक. साळुंक्या, बुलबुल, कोतवाल आणि हिवाळी पाहुण्या भोरड्या रसासाठी झुंबड उडवतात. डोक्याला लागलेले पराग तेच पुढच्या झाडावर नेतात. फुलं आणि पक्षी यांच्या या नात्यावर सालिम अलींनी १९३२ मध्येच बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या (बीएनएचएस) नियतकालिकात लिहिलं होतं. सावर ओसरता ओसरता पळस आणि पांगारा फुललेले असतात. उंबराला तर ठरावीक हंगामच नाही. एका झाडाची फळं संपली तरी दुसरं लगडलेलं सापडतं, म्हणून तांबट पाहायचा तर उंबराखाली जावं.

पण फुलं-फळं ही अर्धीच गोष्ट. फुलांतला रस पिणारा शिंजीरसुद्धा पिल्लांना किडे आणि कोळी भरवतो. अमेरिकेतला चिकडी हा पक्षी आपल्या वल्गुलीचा भाऊबंद. त्याच्या एका विणीतली पिल्लं वाढायला सहा ते नऊ हजार अळ्या लागतात, असा तिथला अंदाज आहे. एवढ्या अळ्या येणार कुठून? प्रत्येक झाड पानांत स्वतःची कडू किंवा विषारी रसायनं राखतं आणि ती पचवायला किड्यांच्या असंख्य पिढ्या खर्ची पडतात. बहाव्याच्या पानांवर कॉमन एमिग्रंट फुलपाखराच्या अळ्या पोसतात, कारण त्यांचं जमून गेलेलं आहे. मध्य अमेरिकेतून आलेल्या गिरिपुष्पाशी इथल्या किड्यांची ओळख तेवढी जुनी नाही. त्याच्या गुलाबी फुलांवर शिंजीर येतात, हे खरंच. पण त्याच्या हिरव्यागार पानोळ्यात पिल्लांसाठी फारसं काही नसतं. नुसत्या हिरवाईवर समाधान मानणारं वृक्षारोपण मला म्हणूनच अपुरं वाटतं.

तेव्हा झाडाखाली उभं राहिल्यावर दुर्बीण लगेच डोळ्याला लावू नका. आधी पानं पाहा. कुरतडलेली, भोकं पडलेली पानं दिसली, की तिथे वल्गुली आणि चष्मेवाला येण्याची शक्यता जास्त.

मोशी, चऱ्होली, रावेत, चाकणमध्ये नव्या सोसायट्या उभ्या राहत आहेत. तुमच्या आवारात यंदा पावसाळ्यात झाडं लावायची असतील, तर बहावा, करंज, पळस, पांगारा यांची रोपं मागा. उंबरही लावा, मात्र भिंती आणि पाण्याच्या टाक्यांपासून लांब. आणि पानांवर अळ्या दिसल्या म्हणून कीटकनाशक फवारू देऊ नका.