खुली जागा कोणाची?

भरतीची अंतिम निवड यादी लागली की तिचे स्क्रीनशॉट फिरू लागतात. ‘खुल्या जागेवर ओबीसी उमेदवार कसा?’ हा त्यावरचा हमखास प्रश्न. आरक्षण न्याय्य की अन्याय्य, यावर आपल्याकडे प्रत्येकाचं मत तयार असतं. जागा कशा मोजतात, हे मात्र बहुतेकांना कोणी सांगितलेलंच नसतं. माझ्या मते न्यायाचा निम्मा निवाडा या मोजणीतच होऊन जातो. तेव्हा एक यादी हाताने लावून पाहू.

समजा, लिपिकाच्या १० जागा आहेत : ५ खुल्या, ३ ओबीसी, २ अनुसूचित जातींच्या. हे आकडे केवळ उदाहरणापुरते. महिलांसाठी एकच जागा धरू, तीही खुल्या गटात. गुणवत्ता यादीत पहिले पाच जण १८२, १८०, १७९, १७६ आणि १७४ गुणांचे, सगळे पुरुष. त्यांतला १७९ गुणांचा ओबीसी, बाकी चौघे अराखीव. त्यांच्याखाली १७३, १७२, १७१ गुणांचे तीन ओबीसी तरुण, मग १७० गुणांची ओबीसी तरुणी. अराखीव गटातली पहिली मुलगी १६४ वर. अनुसूचित जातींतले पहिले दोघे १६२ आणि १५८ वर.

सुरुवात खुल्या जागांपासून होते. जातीचा रकाना झाकायचा आणि वरून पाच नावं घ्यायची. १७९ गुणांचा ओबीसी तरुण त्यात आपोआप येतो. त्याने खुली जागा ‘घेतली’ असं नव्हे. ती जागा सगळ्यांचीच होती, आणि गुणांवर ती त्याला मिळाली. ओबीसींच्या तीन जागांतून त्याची वजावट होत नाही.

आता महिलांची जागा. जातींचं आरक्षण उभं, तर महिला, माजी सैनिक, दिव्यांग, खेळाडू यांचं आडवं. सरकारी कागदांत त्याला समांतर आरक्षण म्हणतात. पहिल्या पाचांत एकही स्त्री नाही, म्हणून शेवटचा, १७४ गुणांचा, बाहेर जातो आणि यादीतली सर्वांत वरची स्त्री आत येते. ती कोण? १७० ची की १६४ ची?

कित्येक वर्षं अनेक ठिकाणी उत्तर दिलं जायचं : १६४ ची, कारण ‘खुली महिला’ म्हणजे राखीव प्रवर्गात नसलेली महिला. मग १७० वाली ओबीसी रांगेत ढकलली जायची. तिथल्या तीन जागा १७३, १७२, १७१ ने भरलेल्या, म्हणजे ती घरी, आणि तिच्यापेक्षा सहा गुण कमी असलेली नोकरीत. महाराष्ट्रातही १३ ऑगस्ट २०१४ च्या परिपत्रकाची कार्यपद्धती अशीच चालली. १९ डिसेंबर २०१८ च्या शासन निर्णयाने ती दुरुस्त झाली. खुल्या गटातलं समांतर आरक्षण भरताना गुणवत्तेवर मागासवर्गीय उमेदवारही धरायचे, असं त्यात स्पष्ट झालं.

उत्तर प्रदेशात ४१,६१० पोलीस शिपायांच्या भरतीत नेमकं हेच घडलं होतं. खुल्या गटातल्या शेवटच्या महिलेला २७४.८२९८ गुण होते आणि तिच्याहून जास्त गुण असलेल्या ओबीसी मुली बाहेर होत्या. सौरव यादव खटल्यात १८ डिसेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्या मुलींना नेमणूक द्यायला सांगितलं. खुला गट सर्वांना खुला. तो राखीव नसलेल्यांचा वेगळा कोटा मानला तर ते जातीय आरक्षणच होईल, ही त्या निकालामागची भूमिका. एक अपवाद ध्यानात ठेवावा : वयाची सवलत घेऊन अर्ज केला असेल आणि भरतीच्या नियमांत तशी मनाई असेल, तर राखीव उमेदवाराला खुल्या जागेवर घेत नाहीत. दीपा ई. व्ही. खटल्यात २०१७ साली न्यायालयाने हे मान्य केलं.

वैद्यकीय प्रवेशात आणखी एक गाठ असते. खुल्या यादीत बसणाऱ्या राखीव विद्यार्थ्याला खुल्यातून साधं कॉलेज आणि स्वतःच्या प्रवर्गातून चांगलं कॉलेज मिळत असेल तर? गुण जास्त असल्याची शिक्षा त्याला होऊ नये, म्हणून १९९६ च्या रितेश साह निकालाने त्याला राखीव जागेवरचं कॉलेज निवडू दिलं, तरी मोजणीत तो गुणवत्तेवरचाच धरायचा.

आता १७४ गुणांच्या तरुणाकडे वळू. तो बाहेर आणि १५८ गुणांचा आत, हे त्याला बोचणारच, आणि त्याचं दुःख खोटं नाही. पण सरकारी पद म्हणजे केवळ परीक्षेचं बक्षीस नव्हे. ते सातबारा, रेशन, पोलीस फिर्याद यांच्यावर चालणारी सत्ता आहे, आणि ती पिढ्यान्‌पिढ्या मोजक्या जातींच्या हाती राहिली. तिचा वाटा वाटून घ्यायचा तर कोणाला तरी थांबावं लागतं. इंद्रा साहनी निकालाने १९९२ साली या थांबण्याला ५० टक्क्यांची मर्यादा घातली आणि ओबीसींतल्या सुस्थितीतल्यांना क्रीमी लेअर म्हणून वगळलं. मला हा भार रास्त वाटतो. मात्र तो ज्याच्यावर टाकायचा, त्याच्यासमोर मोजणी चोख दाखवता आली पाहिजे. आणि १७० गुणांच्या मुलीची जागा गिळणारी मोजणी तर कोणत्याच बाजूने चोख नाही.

निवड झाली की नाव बिंदुनामावलीत चढतं. या नोंदवहीत संवर्गातलं प्रत्येक पद म्हणजे एक बिंदू, आणि कोणता बिंदू कोणाचा हे आधीच ठरलेलं. सर्वांत घातक चूक इथे होते, आणि ती निवड यादीत दिसतही नाही. खुल्या गुणवत्तेवर आलेल्या अनुसूचित जातीच्या उमेदवाराचं नाव त्याची जात पाहून राखीव बिंदूवर लिहिलं, तर कागदावर राखीव पद भरलेलं दिसतं आणि पुढच्या जाहिरातीत एक राखीव जागा कमी होते. म्हणून जाहिरातीपूर्वी विभागीय आयुक्तालयातल्या मागासवर्ग कक्षाकडून ही नामावली तपासून घ्यावी लागते.

मोजणी रिक्त जागांची करायची की पदांची, हाही जुना प्रश्न. शाहू महाराजांनी २६ जुलै १९०२ च्या आदेशाने करवीर संस्थानातल्या रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी ५० टक्के मागासवर्गीयांसाठी राखल्या. त्यातच त्यांनी असंही लिहिलं होतं की, ज्या कचेरीत त्यांचं प्रमाण निम्म्याहून कमी आहे, तिथली पुढची नेमणूक त्यांच्यातूनच व्हावी. शिवाय नेमणुकांचा तिमाही तक्ता मागवला. म्हणजे जाहिरातीतल्या आकड्याबरोबर कचेरीत प्रत्यक्ष कोण बसलं आहे, हेही त्यांनी मोजायला लावलं. आर. के. सभरवाल खटल्यात १९९५ साली घटनापीठाने पद हेच मोजमाप ठरवलं : सगळे बिंदू एकदा भरले की निवृत्त होणाऱ्याच्या जागी त्याच गटातला माणूस येईल. वाटा त्यामुळे फुगतही नाही आणि झिजतही नाही.

पदं कोणत्या एककात मोजायची, यावर तर सगळंच पालटतं. केंद्राच्या प्रमाणात ओबीसींचा पहिला बिंदू चौथा, अनुसूचित जातींचा सातवा, जमातींचा चौदावा. विद्यापीठाऐवजी एकेक विभाग एकक धरला, तर तीन प्राध्यापकांच्या विभागात या तिघांपैकी कोणालाच जागा निघत नाही आणि अनुसूचित जमातींचा बिंदू तर तेरा पदांच्या विभागातही येत नाही. अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या २०१७ च्या निकालानंतर विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ साली हीच पद्धत लागू केली. देशभर शिक्षक रस्त्यावर उतरले आणि २०१९ साली संसदेने कायदा करून केंद्रीय विद्यापीठांत पुन्हा संपूर्ण संस्था हे एकक केलं.

एकाकी पदाला मात्र यातलं काहीच लागू होत नाही. संवर्गात एकच पद असेल तर ते राखून ठेवता येत नाही, असं घटनापीठाने १९९८ साली चंदीगडच्या पदव्युत्तर वैद्यकीय संस्थेच्या खटल्यात सांगितलं. राखलं तर तिथे शंभर टक्के आरक्षण होतं. संस्थेचा संचालक किंवा विद्यापीठाचा कुलसचिव अशी सर्वांत वरची पदं बहुधा एकाकीच असतात आणि बिंदुनामावली तिथवर पोहोचत नाही.