सतरावा बाइट (यंत्राच्या आत : भाग ७)

गेल्या आठवड्यात आपण इंटरप्ट म्हणजे काय ते पाहिलं. चिपनं हाक मारायची आणि प्रोसेसरनं हातातलं काम बाजूला ठेवून तिच्याकडे वळायचं. या हाकेला ओ मिळेपर्यंत जो वेळ जातो, त्यात डेटा कसा हरवतो ते आज पाहू.

१९८१च्या आयबीएम पीसीत सीरियल पोर्टसाठी ८२५० ही चिप असे. आलेला बाइट ठेवायला तिच्यात एकच जागा होती. प्रोसेसरनं तो उचलण्याआधी पुढचा येऊन ठेपला, की आधीचा पुसला जाई. सेकंदाला ९६०० बिट या वेगाला हे निभत असे, कारण दोन बाइटांत साधारण एक मिलिसेकंद मिळे. ११५२००ला मात्र जेमतेम ८७ मायक्रोसेकंद उरतात.

नंतरच्या १६५५०ए चिपनं १६ बाइटांची रांग दिली, तिला फिफो म्हणतात. १४ बाइट जमले की हाक मारायची असं ठरवलं, तर आणखी दोन रांगेत मावतात. ११५२००ला हाकेपासून सतरावा पुरा होईपर्यंत सुमारे २६० मायक्रोसेकंद जातात. तोवर कुणी फिरकलं नाही, तर तो गेलाच.

माझ्या जुन्या लिनक्स यंत्रावर मोडेममधून फाइल उतरवताना असंच होई. डिस्कचा दिवा लुकलुकला, की लगेच चुकीचा ब्लॉक परत मागवला जाई. केबल बदलून काही फरक पडला नाही. दोष डिस्कच्या ड्रायव्हरमध्ये होता. तेव्हाचा आयडीई ड्रायव्हर प्रोसेसरकडूनच डेटा हलवून घेई आणि तोवर बाकीचे इंटरप्ट बंद ठेवी. एका खेपेचे १६ सेक्टर म्हणजे ८ केबी, सेकंदाला ३.३ एमबी या वेगानं त्याला जवळपास अडीच मिलिसेकंद लागतात. तेवढ्या वेळात पोर्टवर २८ बाइट येऊन धडकतात.

म्हणून प्रोसेसर सरासरीनं किती मोकळा आहे, हे इथे विचारूच नये. दिवसभर रिकामा बसलेला प्रोसेसरही त्या अडीच मिलिसेकंदांत बाइट गमावतो. सगळ्यांत लांबलेली एक वाट मोजायला हवी.

'पण फ्लो कंट्रोल आहे ना?' हा प्रश्न हमखास येतो, आणि तो रास्तच आहे. १६५५०एमध्ये समोरच्याला 'थांब' सांगणारी आरटीएसची तार ड्रायव्हर हलवतो, आणि इंटरप्ट बंद असताना त्या ड्रायव्हरचीच पाळी येत नाही. पुढे १६सी७५०सारख्या चिपा ती तार स्वतःच हलवू लागल्या, तेव्हा कुठे ही अडचण सुटली.

लिनक्सवर उपाय एका ओळीचा होता : 'एचडीपार्म' या आज्ञेला 'यू१' सांगायचं, म्हणजे डिस्कचं काम चालू असतानाही इतर इंटरप्ट खुले राहत. पण तो सरसकट वापरण्याजोगा नव्हता. सीएमडी६४०बी किंवा आरझेड१००० कंट्रोलर असेल, तर यानं फाइलसिस्टिमच बिघडू शके.

बाइट हरवताहेत का ते तपासायचं, तर रूटनं 'प्रोक'मधली सीरियल ड्रायव्हरची फाइल उघडली, की पोर्टच्या ओळीत 'ओई'चा, म्हणजे ओव्हररन एररचा, आकडा दिसतो. शून्य असेल तर तो छापलाच जात नाही. पोर्टवर डेटा येत असताना मोठी फाइल कॉपी करण्याआधी तो टिपून ठेवा, आणि कॉपी झाल्यावर पुन्हा पाहा.