धुराची पहिली रेघ टिपणारा राखणदार



आग लहान असते तोवर चार घमेली मातीनेही विझते. एकदा का ती पसरली, की बंबाचेही काही चालत नाही. पेटलेला उसाचा फड पाहिलेल्या माणसाला हे निराळे सांगायला नको. खरा सवाल असतो तो आग कळते कधी, याचा. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात या सवालावर जे काम झाले आहे, त्याची माहिती आम्ही येथे देत आहोत.

८ नोव्हेंबर २०१८ रोजी सकाळी तेथे विजेच्या मनोऱ्यावरचा एक झिजलेला हूक तुटला आणि ठिणग्या वाळल्या गवतात पडल्या. वारा जोराचा होता. सुमारे दोन तासांत आग पॅरडाईज गावात शिरली. ८५ माणसे दगावली, १८ हजारांवर इमारती खाक झाल्या.

आज त्या राज्यात उंच जागी हजाराहून अधिक कॅमेरे उभे आहेत. सॅन डिएगोचे विद्यापीठ ही यंत्रणा चालविते. कॅमेरा साधारण दोन मिनिटांत चौफेर फिरतो, रात्रीही पाहतो. पण एवढी चित्रे डोळ्यांत तेल घालून बघणार कोण? म्हणून २०२३ साली अग्निशमन खात्याने कृत्रिम बुद्धिमत्तेची जोड दिली. त्याच जुलैत पहाटे तीनच्या सुमारास क्लीव्हलँड राष्ट्रीय वनातील आग यंत्राने हेरली आणि जवानांनी ती पाऊण तासात विझविली.

आता पुढची पायरी म्हणजे हा यंत्रमेंदू कॅमेऱ्यातच बसविणे. त्याला धुराची हजारो चित्रे आधी दाखवून शिकविलेले असते. मग सगळी चित्रे दूरच्या केंद्रावर धाडावी लागत नाहीत. संशय आला तरच छोटा निरोप जातो. त्यामुळे रेंज कमी असली तरी भागते, आणि वीज थोडी लागत असल्याने सौर पत्र्यावरही काम चालते. अर्थात धुके, धूळ किंवा ढग पाहूनही यंत्र फसते. शेवटची खात्री माणसानेच करायची.

हे सारे सातासमुद्रापलीकडचेच आहे असे नव्हे. २०२४ साली आपल्या पेंच व्याघ्र प्रकल्पातही धूर ओळखणारा कॅमेरा बसविण्यात आला.

जळीत उसाचे वजन घटते, साखर उतरते, आणि फटका सभासदाच्याच बिलाला बसतो. उद्या असे कॅमेरे स्वस्त झाले, तर चार गावांनी मिळून एखादा उंच जागी बसविण्याचा विचार अवश्य व्हावा. तोवर फडावरून लोंबणाऱ्या तारांची तक्रार वेळीच लेखी करा, बांधालगतचे पाचट काढून पट्टा मोकळा ठेवा, आणि धूर दिसताच शेजाऱ्याला हाक मारून गट ऑफिसला कळवा. कॅमेरा काय नि माणूस काय, लवकर सांगेल तोच खरा राखणदार!